दम धर

लिक्सेलेच्या पुढं, नदी गोठते त्या वळणावर
आमचं गॅरेज. बाहेर उणे बावीस,
आत लाकडाची शेगडी, आणि जॅकवर
बाबांची त्र्याण्णवची व्होल्वो, लांबुडकी, विटकरी,
मागच्या सीटला अजून आमच्या कुत्रीचे केस.
हिच्यात पाचशे घोडे बांधायचेत मला.
कंपनीनं बांधले होते एकशे तीस.
त्यातलेही काही म्हातारे झाले.

टर्बो आणला लाकडाच्या ट्रकचा,
बाबांनी एकोणीस वर्षं हाकलेल्या.
भंगारवाल्या स्टूरेनं घेतले आठशे क्रोनर
आणि एक पिशवी एल्कचं मांस.
ओतीव लोखंडाची गोगलगाय.
पोटात पाय,
तेही मिनिटाला लाखभर गिरक्या घेणारे.

इंजिन जो धूर टाकून देतं
त्यावर एक चाक फिरतं,
त्याच दांडीवरचं दुसरं चाक
बाहेरची हवा कोंबतं आत.
सोडलेल्या श्वासावर ओढलेला श्वास.
लोहाराचा भाताच,
पण लोहाराविना.

गेल्या मार्चमध्ये घाई केली मी.
जुन्याच कनेक्टिंग रॉडवर दीड बारचा दाब.
सॉमिलपाशी तिसरा रॉड
ब्लॉकला खिडकी पाडून बाहेर आला.
बर्फावर तेलाची काळी शेपटी,
दोनशे मीटर.
बाबा ट्रॅक्टर घेऊन आले. दोरी बांधली.
"बरं," एवढंच म्हणाले, आणि घरी पोचेपर्यंत
मागं वळून पाहिलं नाही.

रात्री बाबा मुखवटा लावून झोपतात.
उशाशी डबा घुंघुं करतो,
घशात हवा ढकलतो, श्वास अडू नये म्हणून.
दाब अकरावर बांधून दिलाय डॉक्टरीणबाईंनी.
मी म्हटलं, तुम्हीही टर्बो झालात की.
ते म्हणाले, मग माझा वेस्टगेट कुठाय?
स्वयंपाकघरातून आई म्हणाली,
एम्ब्ला, ते विचारू नकोस.

या खेपेला घडीव रॉड, नवे पिस्टन,
हेडखाली तांब्याची पट्टी,
समोर जाळीआड इंटरकूलर, फुकटच्या थंडीवर चालणारा.
तोर्निओहून आयमो आला,
मांडीवर लॅपटॉप, कानात मायक्रोफोनची वायर,
ब्लॉकच्या आतली टकटक ऐकत.
इंधन चिमूटभर वाढव. ठिणगी जरा उशिरा.
आणखी जरा.
टाकीत गव्हाचं इथेनॉल. गाडी पीत होती,
आयमोनं सोडून वर्ष झालेलं.

उमिओच्या रोलरवर आकडा निघाला:
चारशे सत्त्याऐंशी.
कागद फ्रिजवर लावला, त्यावर मासळीचं चुंबक.
तेरा कुठं गेले, मी आठवडाभर विचारत राहिले.
बाबा म्हणाले, थंडीत बाहेर उभे असतील.

एप्रिलात रस्ता कोरडा झाला.
मुखवट्याची नवी नळी आणायला निघालो आम्ही दोघं,
येताना वीस किलो बटाटे.
कुणी पाहिलं तर बाप-लेक आणि म्हातारी गाडी.
तिसऱ्या गिअरमध्ये मी पाय पूर्ण दाबला.

काहीच झालं नाही.

हाच तो क्षण, जो मी दोन हिवाळे
कमी करायला झटले आणि पुसू शकले नाही:
पाय खाली, गाडी अजून विचारात,
धुराला चाकापर्यंत पोचायला लागणारा वेळ.
दम धर, म्हणत होते बाबा
सायकल शिकवताना, मागचं कॅरिअर धरून,
आणि कधी सोडलं ते मला कळलंच नव्हतं.

मग शीळ. आधी बारीक, डास असावा तशी,
मग साऱ्या डॅशबोर्डभर,
आणि पाठ सीटमध्ये गेली, झाडांचा एकच पडदा झाला,
मागं पिशवी फाटली, बटाटे धडाधडा
मागच्या काचेवर.

आमच्या भागात 'हो' असं म्हणत नाहीत.
ओठ चंबू करून
हवा झटकन आत ओढतात फक्त. शुप्.
परक्यांना वाटतं, माणूस दचकला.

मी पाय काढला. गाडी शिंकली, शांत झाली.
बाबांचे दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर समोर.
मी वाट पाहिली.
एक खांब गेला. दुसरा.
सॉमिल गेली.

शुप्.

बटाटे गोळा करायला आम्ही
बसथांब्यापाशी थांबलो.