घनफूट

लोंढ्याच्या लाकूड डेपोत एकतीस वर्षं
मी मोजणीदार होतो.
घेराचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी.
झोपेतही जमायचं.
रजिस्टरात कन्नडात मत्ती, माझ्या तोंडात ऐन,
तिकडं नंदी, इकडं नाणा.
नावं दोन, हातोडा एकच.
साल तासायची, आकडा ठोकायचा,
झाड उभ्या उभ्या लाकूड व्हायचं.

कुठं गेलं एवढं, विचारतात आता पोरं.
रुळांखाली गेलं. हुबळीच्या दारांत गेलं.
रस्ता रुंद झाला त्याच्या कडेकडेनं गेलं.
आणि जे वाकडं, गाठीचं, पोकळ
ते खानापुरात, कौलांच्या भट्टीत.

चारशे सतरा नंबर पोकळ होता.
हेम्मडग्याच्या वरचा बेहडा, फेब्रुवारीअखेर.
ढोलीचं तोंड चिखलानं लिंपलेलं,
मधे बोटभर फट,
फटीतून चोच.
इनास मिरांडानं करवत खाली ठेवली,
म्हणाला, आत बाई आहे, नवरा चारा आणायला गेलाय,
पिल्लं उडेपर्यंत थांबूया.
साहेबांनी माझ्याकडं पाहिलं.
मी वहीकडं.
पोकळ. जळाऊ. एवढंच लिहिलं.

नर संध्याकाळी आला.
चोचीत उंबर.
जिथं झाड होतं तिथल्या हवेला
त्यानं दोन घिरट्या घातल्या,
मग शेजारच्या किंजळीवर बसला, उंबर तसंच धरून.
इनास दुसऱ्या दिवशी कामावर आला नाही.
मी आलो.

त्याच साली घर शाकारलं, कौलं खानापूरचीच.
कुठलं कौल कुठल्या आगीत भाजलं
याची नोंद कुणी ठेवत नाही.
मीही नाही ठेवली,
आणि नोंदी ठेवणं हाच माझा धंदा.

पुढचं सावकाश झालं, म्हणून कळलं नाही.
म्हादईला मिळणारा आमचा ओहोळ
अक्षय तृतीयेपर्यंत बोलायचा,
आता शिवरात्रीलाच गप्प.
जळवा कमी झाल्या, त्याचं तर आम्हाला कौतुक वाटलं.
गवे भातात आले. हत्ती उसात आला.
खात्यानं अकेशिया लावला,
शाळेच्या हजेरीसारखा सरळ रांगेत,
खाली गवत नाही, वर घरटं नाही.
त्याचंही घनफूट मीच काढलं.

निवृत्तीनंतर एकदा वाट चुकून
गवळीवाड्यावर गेलो.
ठकूबाई झोरे एका जुन्या सातविणीखाली
वाकून बिया वेचत होती.
वर धनेशाची ढोली, खाली त्याची विष्ठा,
त्यात जायफळ, चांदाडा, उंबर, आणखी कसकसलं.
म्हटलं, रोपं करणार?
म्हणाली, थोडी करतंय. खरं लावायचं कशाला सगळं,
हा लावतोयच की वरनं.
आपण आडवं यायचं नाही, एवढंच.

तिनं म्हशी निम्म्या केल्या, ते मला नंतर कळलं.
अकरा एकर उतार तिच्या वाड्यानं गुरांना बंद केला.
भांडणं झाली. दोन घरं अजून बोलत नाहीत.
वणव्याच्या दिवसांत पोरं पाळीनं जाळरेषा काढतात.
गॅसची टाकी संपली की मात्र
एक मोळी जातेच. ठकूबाई बघते, बोलत नाही.

पाचवा पावसाळा सरला.
परवा मी जुनी टेप घेऊन गेलो,
सवय जात नाही.
टेपचा पहिला फूट कधीचाच तुटलाय,
डेपोत आम्ही दोनपासून धरायचो, एक वजा करायचो,
मोठ्या घेरांना काही फरक पडत नसे.

उतारावर गुडघाभर, कमरेएवढी, काही माझ्याहून उंच.
एकाला टेप गुंडाळली. दुसऱ्याला.
सगळी त्या तुटलेल्या फुटातच.

टेप खिशात ठेवली,
आणि बोटांनी मोजत बसलो,
दोन बोटं, तीन,
हे बहुधा नाणा.