निळा दिवा

सारंगखेड्याच्या जत्रेत घोडे बघायला गेलेले झुलाल नाना
दोन घोड्यांचे दात मोजून, एकाचा भाव पाडून,
परत आले ते गाडीच्या सिगारेटच्या भोकात खुपसायची
एक डबी घेऊन.
साडेआठशे रुपये.
डबीवर निळा दिवा, दिव्याखाली सोनेरी अक्षरं: स्टॅबिलायझर.

"सांग बरं आते, कामनं शे का नही?"

शहाद्यात दोंडाईचा रस्त्यावर माझं दुकान.
बत्तीस वर्षं गाड्यांच्या वायरी हुंगतोय,
जळकी कोणती, सडकी कोणती, नाकाला कळतं.
तरी मीटर लावला.

गाडी चालू, डबी आत: चौदा पूर्णांक एक.
डबी बाहेर: चौदा पूर्णांक एक.
पुन्हा आत.
माझा पोऱ्या सुपडू आकडा पाढ्यासारखा मोठ्यानं म्हणत होता
आणि नाना दर वेळी मान डोलवत होते,
जणू आकडा चढतोय.

मग त्यांना विचारून डबी उघडली.
हरभऱ्यापेक्षा जरा मोठे दोन कपॅसिटर,
एक रेझिस्टर, तो दिवा,
आणि हाताला वजन लागावं म्हणून
तळाला चिकटवलेला लोखंडाचा तुकडा.

"नाना, हे काम करणारा आधीच आत बसलाय,
अल्टरनेटरच्या पोटात, कारखान्यातूनच आलेला.
त्याला दिवा नाही, म्हणून दिसत नाही."

"मग घरचा?" नाना म्हणाले.

इथे मी पान्हा खाली ठेवला.
लोणखेड्यात रात्री मळ्यातले पंप सुरू झाले
की दोनशे तीसचे एकशे साठ होतात,
ट्यूब मिचमिचते, फ्रिज कण्हतो,
आणि कोपऱ्यातली पत्र्याची पेटी टक् करून
घरादाराला सावरून घेते. बावीस वर्षं.
त्या पेटीनं कमावलेली पत
कुणीतरी उचलली, प्लास्टिकात भरली, जत्रेत मांडली.
नानांनी पैसे मोजले ते त्या पेटीकडे बघून.

माझ्याकडेही येतो एक सुरतेचा एजंट,
नगामागे तीनशे सुटतील म्हणतो.
मी ठेवत नाही. त्यात साधुपणा काही नाही,
शहादा लहान आहे,
गिऱ्हाईक संध्याकाळी चहाला समोरच बसतं.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी बुरशी चढली होती.
गरम पाणी, ब्रश, बोटभर ग्रीस,
अर्थिंगचा बोल्ट अर्धा आटा आवळला.
सुपडू भिंतीकडे बघत ओरडला, "आते पडना उजेड!"
वीस रुपये सांगितले.
नानांनी घासाघीस करून पंधरा दिले.

महिन्यानं पुन्हा आले. डबी तिथेच, दिवा चालू.
"सोळानं अठरा झालं अॅव्हरेज!"
प्रकाशाच्या पुलापर्यंत मी शेजारी बसून गेलो.
व्होल्टेज तेच. मी नानांचा पाय बघत होतो.
गाडीला घोड्यासारखी टाच मारणारा माणूस
वेळेवर गिअर टाकत होता, ब्रेक आधीच अलगद दाबत होता,
साडेआठशे वसूल व्हावेत म्हणून
किती जपून.

आता कुणी विचारतं, घ्यावी का ती डबी?
नको म्हणतो.
मग तो पाय आठवतो, आणि जरा अडखळतो.
आधी टर्मिनल घासून घे, म्हणतो,
आणि दिवाच हवा असेल तर तीस रुपयांत सुटा मिळतो,
निळासुद्धा.

नानांकडे पाच रुपये अजून बाकी आहेत.