पान सदतीस

मे महिन्यात भुसावळात शाई निबातच वाळते.
म्हणून मी पूल रात्री काढते.
कूलरकडे पाठ, कागदाच्या चार कोपऱ्यांवर
वजनाला रुळाचे चार तुकडे,
बाबांनी निवृत्त होताना घरी आणलेली
तेवढीच रेल्वे.

छत्तीस पानं झाली.
तापीचा गाळ झाला, बैलगाड्या झाल्या,
सातपुड्यातून ओंडके आले,
गोऱ्या साहेबाचा तंबू, तंबूतलं घड्याळ,
आणि पुरानं नेलेली पहिली कमान
दोन पानांवर आडवी.

सदतिसाव्यावर अडले.

फोटो एकच मिळालाय. चौथ्या खांबापाशी
साहेब खुर्चीत, टोपी मांडीवर,
मिशीचा केस न् केस मोजता येतो.
त्याला बसायचं कसं ते माहीत होतं.
मागे विहिरीच्या कठड्यावर माणसं.
काचेच्या त्या पाटीला उजेड प्यायला वेळ लागायचा
आणि हे तेवढा वेळ थांबले नाहीत.
कोणी घमेलं दिलं, कोणी घेतलं,
कोणी नुसती माशी वारली असेल.
हलले, म्हणून धूर झाले.
पायांच्या जागी पाय आहेत,
मानेवर काही नाही.

पुण्याहून संपादकांचा फोन:
"एक चेहरा द्या हो. वाचकाला कोणाचा तरी हात धरायचा असतो."
दिला. हुरमत तडवीचा दिला,
यावलहून केळीचे घड आणतो
आणि डावा डोळा बारीक करून हिशेब सांगतो, त्याचा.
खोडला.
शेजारच्या यमुनामावशी भंगाळेंचा दिला. तोही खोडला.
मग माझाच.
ब्लेडनं खरवडून खरवडून कागद इतका पातळ झाला
की पलीकडचं अडतिसावं पान दिसायला लागलं,
जिथे पूल पुरा झालाय आणि बँड वाजतोय.

बाबा पाणी प्यायला उठले.
एकतीस वर्षं कीमन. रोज पहाटे
खांद्यावर हातोडा, या काठापासून त्या काठापर्यंत
एकेक चावी ठोकत.
गोष्टीचं पुस्तक त्यांनी जन्मात वाचलं नाही.
चष्म्याशिवाय पान हातात घेतलं, लांब धरलं,
चौकटी खालून वर वाचल्या
आणि म्हणाले, "हातोळा असा नही धरत, माय.
असा धरला त दुपारलोक खांदा जाईन."
मग माझ्या 'ठण्ण'वर बोट ठेवलं
(मोठ्ठी अक्षरं, पिवळी, काठाला लाल):
"हा त घट्ट चावीचा आवाज.
ढिली बोलते ठद्द. बारीक. ऐकाले वाकावं लागते."
फोटोकडे बराच वेळ बघत राहिले.
"याह्यले कामं व्हते," म्हणाले,
आणि तांब्या पालथा घालून झोपायला गेले.

आमचं घर रुळांपासून साठ पावलांवर.
मालगाडी आली की आधी भांडी थरथरतात,
मग खिडकीची काच, मग टेबल, मग माझा हात.
छत्तीस पानं मी प्रत्येक गाडी जाऊ दिली.
टाक उचलून धरायचा, डबे मोजायचे,
गार्डचा डबा गेला की रेघ पुढे.

दोन वाजून दहा मिनिटांनी कोळशाची आली.
अठ्ठावन्न डबे.
भांडी बोलायला लागली
आणि मी टाक खाली टेकवला.

पहिल्याची मान गेली. दुसऱ्याचा दंड
घमेल्यात मिसळला. तिसरा
एकाच वेळी वाकलेला आणि उभा.
एकही रेघ एका जागी राहिली नाही.
कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात,
ठद्द.

साहेबाला मी गाडी गेल्यावर काढलं.
पट्टी लावून.