तेलकट कपडे इथे धुऊ नयेत

पाटी मीच लिहिली होती, लाल रंगात.
महिनाभरानं मीच उतरवली.
तेलकट नाही असा कपडा
रॉस्बी गावात उरलाच नव्हता.

आधी माझ्याकडे सहा यंत्रं. त्यातली तीन चालायची.
मंगळवारी आर्लिस यायची चादरी घेऊन,
ड्रम थांबेस्तोवर
अख्ख्या गावाची गुडघेदुखी सांगून व्हायची.
मग तेल लागलं.
पहाटे चारला रांग,
टेक्सासची, आयडाहोची, कुठली कुठली पोरं,
बाकावर बसल्या बसल्या झोपलेली.

मी खिसे तपासते. सवयच ती.
नट-बोल्ट, लॉटरीची तिकिटं,
एकदा दात, कागदात गुंडाळलेला, दुधाचा.
तो काउंटरवर बशीत ठेवला.
संध्याकाळी एक धिप्पाड माणूस आला,
चकार शब्द न काढता उचलला,
वरच्या खिशात ठेवून बटण लावलं.

व्हर्लिन आणि ओरिन, सख्खे भाऊ, एकच कुंपण.
जो तुकडा पुढे ओरिनच्या वाट्याला आला
त्याच्या पोटातलं सगळं आजोबानं
एका दुष्काळात बियाण्यापायी विकलं होतं:
वर गहू आमचा, खाली असेल ते तुमचं.
खाली काय असणार, म्हणाला असेल, दगड.
आता व्हर्लिनला दर महिन्याला पाकीट येतं.
ओरिनला धूळ येते, त्याच ट्रकांची.
चर्चमध्ये अजून एकाच बाकावर बसतात,
मध्ये कोट ठेवून.

डकोटाच्या रात्री काळ्याकुट्ट असायच्या,
आता शेताशेतांत वायू जळतो,
भर हिवाळ्यात खिडकी नारिंगी.
मी जाड पडदा लावला.
दाराला कुलूपही, पहिल्यांदाच.
किल्ली कुठे ठेवायची असते तेच कळेना.

हाउगेनबाईंनी मला भागाकार शिकवला होता.
सत्त्याहत्तराव्या वर्षी त्यांना खोली सोडावी लागली,
भाडं एकदम चौपट झालं म्हणून.
घरमालक कोण ते विचारू नका.
लॉन्ड्रीच्या वरचीच खोली ती.
तिथे मी तीन खाटा टाकल्या, आठ-आठ तासांनी भाड्यानं.
जाताना त्यांनी पाकिटात किल्ली ठेवली,
पाकिटावर अनामत रकमेचा हिशोब,
आकडे एकाखाली एक,
बाकी शून्य.

भाव पडला ते लोकांना रेडिओवर कळलं.
मला ड्रायरवरून.
पहाटे चारला एकच ड्रम फिरत होता,
आत एकच मोजा.
बिनधन्याची अकरा जाकिटं टांगलीयत अजून,
कुणाच्या खिशात काय आहे
ते या वेळी मी पाहिलेलं नाही.

परवा मायनॉटला फोन लावला, लेकीकडे असतात त्या.
म्हटलं, खोली रिकामी आहे, या.
बराच वेळ नुसता श्वास.
मग म्हणाल्या, जिना चढवत नाही गं आता.
आणि विचारलं, चादर कितीला धुतेस हल्ली?
जुन्याच भावानं, मी म्हणाले.

खोटं होतं ते.