पंचावन्न अंश

निर्गुडीचा पाला आणला शिरोलीच्या पुलाखालून,
जिथं म्हशी धुतात तिथून थोडं वर.
अकरा दिवस वर्तमानपत्रावर सावलीत वाळवला.
उचलला तेव्हा उसाच्या दराची बातमी
हिरवट होऊन बसली होती.

मग दळला, सॉक्सलेटमध्ये भरला.
अल्कोहोल वर चढतं, थेंब होतं, पाल्यात मुरतं,
भरलं की गटकन खाली येतं, पुन्हा चढतं.
अठरा तास ते बघत बसणं म्हणजे
कुणी कुणाची समजूत काढताना बघणं.
शेवटी उरतो काकवीसारखा चिकट अर्क,
चमचा न सोडणारा.
पोतंभर पाल्याचा एवढाच.

शिकलगार मामा पिंजरा आणतात.
"ह्यो तीन नंबर लई भित्रा हाय बाई, जरा बेतानं."
शेपटीवर पिवळ्या रेघा: एक, दोन, तीन.
एका गटाला दोनशे मिलिग्रॅम, एकाला चारशे,
एकाला बाजारातलं ठरलेलं औषध,
आणि एकाला नुसतं पाणी.

आधी पेटी. आत उजेडाच्या आडव्या रेषा.
उंदीर फिरला की रेषा तुटते, आकडा वाढतो.
काल दहा मिनिटांत चारशे बारा.
आज अर्क दिल्यावर एकशे सदतीस.
चौगुले सर म्हणाले, "छान. शांत झालाय."
मी लिहून घेतलं.
कोपऱ्यात बसलेला तो शांत होता
की नुसता बसला होता,
हे विचारायचं बटण पेटीला नाही.

मग तापलेली पाटी. पंचावन्न अंश.
पाय टेकले की घड्याळ दाबायचं,
पंजा चाटला की पुन्हा दाबायचं.
पाणीवाला, तीन पूर्णांक आठ.
अर्कवाला, नऊ.
पंधराव्या सेकंदाला काही झालं तरी उचलायचं.
तसं परवानगीच्या कागदावरच लिहिलंय:
पंधराच्या पुढं कुणाचं सोसणं मोजायचं नाही.

हुपरीत आमच्या घरी असला कागद नाही.
आई घुंगरांना डाख लावते, माझ्या जन्माआधीपासून.
बोट भाजलं की कानाच्या पाळीला लावते,
पाळी सोडते, पुढचं घुंगरू उचलते.
रात्री तव्यावर निर्गुडी गरम करून
मनगटाला बांधते जुन्या लुगड्याच्या चिंधीनं.
"उतरतं का गं?" विचारलं तर म्हणते,
"झोप लागती की."

दिवस मावळायच्या आत जेवणारी बाई.
पाणी गाळून पिते,
मुंग्यांची रांग दिसली की झाडू आवरता घेते.
"कालेजात करतीस तरी काय?" विचारते.
"पाल्याचं काम," मी म्हणते,
आणि तिच्या पुढ्यातली तार गुंडाळून देते.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.
"उत्तम क्षमा गं पोरी.
कळत नकळत काही दुखवलं असलं तर."
"उत्तम क्षमा," मी म्हटलं.
नकळत तर माझ्या हातून काहीच झालं नव्हतं.
माझ्या वहीत तर दशांशापर्यंत नोंद होती.

संध्याकाळी पिंजऱ्यांच्या खोलीत गेले.
दिवा लावला नाही, त्यांचा दिवस तेव्हाच उजाडतो.
भुसा खसखसत होता,
पाण्याच्या बाटल्यांच्या नळ्या टिकटिकत होत्या.
वाक्य तोंडपाठ होतं, लहानपणापासूनचं.
कुठल्या पिंजऱ्यापासून सुरुवात करावी, कळेना.
पाणीवाल्यांपासून, वाटलं,
ज्यांना आम्ही ठरवून काही दिलं नव्हतं.

तेवढ्यात दारात शिकलगार मामा.
"खाणं टाकलंय मी. काय इसरलं का बाई?"
"हो," म्हटलं, "घड्याळ."

घड्याळ एप्रनच्या खिशात होतं.
मामांना ते दिसत असणार,
पांढऱ्या कापडातून त्याचा काळा गोळा दिसतोच.
त्यांनी खाली वाकून भुसा बघितल्यासारखं केलं.
तीन नंबरनं नाक जाळीला लावलं.

सोमवारी पुढचा गट.
पाटी तापायला वीस मिनिटं लागतात.