मुक्कामाची वही

गाडी मीच चालवते. चोपन्नाव्या वर्षी शिकले.
शाळेची जुनी व्हॅन, बाकं काढून आत पलंग ठोकला,
खिडक्यांना माझ्याच दोन वायल साड्यांचे पडदे.
मागच्या काचेवर अजून पुसट वाचता येतं
'मुलं आहेत, अंतर ठेवा.'
ते आम्ही खरवडलं नाही.

शनिवारी नाशिक सोडतो. लांब नाही,
दिंडोरी, निफाड, गिरणारे,
डब्यातली मटकी आंबायच्या आत पोचू, एवढंच.
आणि दिवे लागायच्या वेळी तोच प्रश्न,
आज लावायची कुठे?
शांत पाहिजे हं, मी म्हणते.
ह्यांचा उजवा कान गेलाय
आणि मी चालवताना नेमका तोच माझ्याकडे असतो.
मान हलवतात. ती कशाला, ते विचारू नये.

मी वही ठेवलीये.
पिंपळगावचा पंप: टोमॅटोच्या गाड्या, क्लीनर पोरांचं
रात्रभर 'येऊ द्या, येऊ द्या',
त्यावर मी झोपेतच ब्रेक दाबला म्हणे, पलंगाची फळी निखळली.
एका मंगल कार्यालयाचं मागचं अंगण:
वॉचमन भला, बँड वाईट.
दुगावच्या अलीकडे, धरणाच्या फुगवट्याला:
पाणी ताटात वाढल्यासारखं निश्चल,
बगळासुद्धा पाय वाजवत नव्हता.
तिथे मी पाच चांदण्या काढल्या.

पहाटे हे बाहेर, उपड्या बादलीवर, शाल गुंडाळून.
झोपला नाहीत?
छान जागा आहे, म्हणाले.
मी सहावी चांदणी काढली. इतकी मी शहाणी.

मग दिवाळीनंतरची ती कादवेकाठची संध्याकाळ.
द्राक्षबागेची राखण करणारा पुंजाबा गांगुर्डे
बॅटरी माझ्या तोंडावर धरून म्हणाला,
घर नाही का तुम्हाला?
आहे की, इंदिरानगरला, तीन खोल्या.
मंग?
ह्या 'मंग'ला माझ्याकडे अजून उत्तर नाही.
तो म्हणाला, कुठंबी लावा, पण खाली बंधाऱ्यापाशी नको,
पानी लई बोंबलतं, डोळ्याला डोळा लागायचा नाही.

आणि चाक नेमकं तिथेच रुतलं.
अंधार, चिखल, आणि फळ्यांवरून कोसळणारी कादवा.
मी पातेलं आपटत खिचडी केली,
कपाळाला आठ्या घालून आडवी झाले,
आणि दहा मिनिटांत कळलं
की त्या सगळ्या गदारोळाच्या खाली
अजून एक आवाज आहे. घोरण्याचा.
अकरा वर्षांत मी तो ऐकला नव्हता.

आठ वाजता उठले. गालावर उशीची शिवण.
चहा घेताना नदीकडे बघत बोलले,
सातपूरला बत्तीस वर्षं प्रेस चालवली ना,
ती बंद झालीच नाही गं.
जिथे कोणी बोलत नाही, तिथे तीच बोलते.
इथे बिचारीला बोलू दिलं नाही कोणी.

मग सांगायचं नाही का?
तुला शांत आवडतं, म्हणाले.

बशीत चहा ओतला, पण प्यायले नाही.
त्या सगळ्या चांदण्या, दुगावच्या, त्र्यंबककडच्या,
एकेका चांदणीखाली
हा माणूस बादलीवर बसलेला.

आता आम्ही पडतं पाणी हुडकतो.
दारणेला दरवाज्याखाली, सोमेश्वरला
भेळेच्या गाड्या लागायच्या आत,
कुठे पाट मोरीतून उडी मारतो तिथेसुद्धा.
रात्री मी देवाच्या डब्यातल्या दोन फुलवाती
कानांत घालते आणि देवाला सांगते, उद्या परत देते.
देत नाही.

पुंजाबानं ट्रॅक्टरनं गाडी ओढून काढली, पैसे घेतले नाहीत.
'झोपले का?' एवढंच विचारलं,
आणि आम्ही दोघं हसलो तर तो जरा चिडलाच.

वहीत त्या पानावर लिहिलंय:
कादवा, बंधाऱ्याखाली. आवाज भरपूर.
परत यायचं.
एक लंगडं कुत्रं येतं, त्याच्यापुरती भाकरी ठेवावी.