अकरा अंश

बेलार्मिनो व्हिएगसच्या अक्षरांचा टाइप करायला घेतला
तेव्हा तो एकोणऐंशीचा होता,
आणि ओल्यांवच्या धक्क्याला
त्याने नाव घातलेल्या नऊच होड्या उरल्या होत्या.

मी होडीहोडीला ट्रेसिंगचा कागद लावला.
मिठाने फुगलेला निळा,
शिंपल्यांनी खाल्लेला एखाद्या अक्षराचा पाय,
आणि तो एस,
पाठीवरचं पोतं नुकतंच टाकून
अजून सरळ न झालेला.

घरी प्रत्येक अक्षराभोवती बिंदू ठोकले,
तंबूला खुंट्या ठोकतात तसे.
पोट, खांदा, शेपूट.
रंग संपत आल्यावर कुंचल्याचे केस फाकले
तिथल्या पांढऱ्या रेघासुद्धा सोडल्या नाहीत.
मग कल मोजला. अकरा अंश.
नऊही होड्यांवर अकरा.
वहीत लिहून खाली दोनदा रेघ मारली.

दाखवायला गेले तर तो अंगणात
ऑक्टोपस धरायची मडकी खरवडत बसलेला.
‘कसले अंश?
होडी पाण्यात असायची, पोरी.
बाहेर ओढायचे पैसे कुणाकडे होते?
मी पलीकडे डबड्याएवढ्या होडक्यात उभा.
ती वर जायची, की रेघ खाली उतरायची.
माझं होडकं सरकायचं, की रेघ कलायची.
मी आपला हात धरून राहायचो.’

मग स्क्रीनवर बोट ठेवलं. मडक्याचा चिखल उमटला.
‘हे दोन ओ. ही जुळी कुणाची?
आमच्या घराण्यात जुळी नाहीत.’

महिनाभर खपून मी ओ तीन केले,
एकामागून एक आळीपाळीने येतील असे.
चौथ्याला पुन्हा पहिला.
त्याने चौथ्यालाच पकडलं.
‘तीन लाटांचा समुद्र नसतो, इरिया.
ती बादली.’

टाइप खपला.
शाम्पूवर आला, लग्नपत्रिकांवर आला,
आमच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरने
पाटीवर लावला; तिथे तो
हसल्यासारखा दिसतो, कुणाला बरं वाटत नाही.
बेलार्मिनोला दर सहामाहीला पाकीट जातं.
तो त्यातून मांजरांना मासे घेतो,
असं त्याची बायको सांगते,
आणि माझ्याकडे बघत नाही.

परवा त्याला यार्डात घेऊन गेले.
नवी होडी, फायबरची, गाड्यावर चढवलेली,
खाली कोरडं सिमेंट.
कडेला तयार स्टिकरचं नाव: ‘दोना ग्रासिएते’.
माझा टाइप. त्याचा कल.
वारा नव्हता. कुणी हलवत नव्हतं.
तो मात्र नावासमोर
गुडघे थोडे वाकवून उभा राहिला,
पाय फाकवून, तोल सांभाळत.

नंतर जवळ जाऊन
शेवटच्या अक्षराचं टोक नखाने उचकटलं,
खालचा गोंद पाहिला,
आणि अंगठ्याला थुंकी लावून
होतं तसं चिकटवलं.